स्वर्ग, श्रद्धा, दैवी देणं: ज्ञानेश्वरी पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

माय गेली तेव्हा दहाव्याला जमलेल्या बाया मला एकच सांगत होत्या, "रडू नको, ती स्वर्गात गेली." सांगणाऱ्यांची माया खरी होती. पण रात्री अंथरुणावर पडले की मनात यायचं, स्वर्ग म्हणजे नेमकं काय? ते कुठे लिहिलंय? तिथे गेलेलं माणूस तिथेच राहतं का?

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, बोरीकाठचं. घरात देव्हाऱ्याशेजारी लाल फडक्यात बांधलेली पोथी होती, आजोबांच्या वेळची. मायला अक्षरओळख नव्हती, तरी ती रोज त्या फडक्याला हळदकुंकू वाहायची. एका कोपऱ्यावर हळद बसून बसून कापड ताठ झालं होतं. बारावं झाल्यावर मी ती गाठ सोडली. आत ज्ञानेश्वरी निघाली, म्हणजे ज्ञानदेवांनी मराठी ओव्यांत सांगितलेला गीतेचा अर्थ. पानं तपकिरी, अर्थ नाही, शब्दांच्या खाली टीप नाही. दोन पानं वाचली आणि बंद केली. पुढची दोन वर्षं मी चुकीच्या दारांवर थापा मारत फिरले. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

एक आधीच सांगते. स्वर्ग, श्रद्धा आणि दैवी गुण या तिन्हींबद्दल ज्ञानेश्वरीत सरळ, सविस्तर लिहिलेलं आहे, पण ते तीन वेगवेगळ्या अध्यायांत आहे. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर तिथे पोचेपर्यंत बहुतेकांचा दम सुटतो. म्हणून नवख्या माणसाने थेट त्या तीन ठिकाणी जावं, असं माझं मत आहे.

१. वाचायचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आधी मिटवा

मला पहिल्याच आठवड्यात एकाने अडवलं. बाईमाणसाने सुतकाच्या वर्षात पोथी उघडू नये म्हणाला. मी महिनाभर थांबले, आणि त्या महिन्याचं मला आजही वाईट वाटतं.

आपण खान्देशात राहतो. मुक्ताईनगर, ज्याला जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात, ते ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीचं, मुक्ताबाईंचं ठिकाण. तापीकाठी त्या गुप्त झाल्या, असं वारकरी मानतात. तिथून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. चौदाशे वर्षं जगलेले योगी म्हणून ज्यांची कथा सांगतात त्या चांगदेवांनी गुरू केलं ते कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईंना. ही कथा आपल्याच मातीतली आहे. बाईने वाचावं का, असं कोणी विचारलं तर एवढं उत्तर पुरे. गीतेचा अर्थ मराठीत आणला गेला तोच संस्कृत न येणाऱ्यांसाठी. शके 1212 म्हणजे 1290 साली नेवाशाला हा ग्रंथ पुरा झाला, तेव्हा तुमच्या-माझ्यासारखीच माणसं समोर बसून ऐकत होती.

आंघोळ करून, हातपाय धुऊन बसावं, जागा स्वच्छ असावी, पोथी जमिनीवर ठेवू नये, एवढं पाळा. बाकी घरच्या रीतीप्रमाणे.

२. काय काय लागेल

• सार्थ ज्ञानेश्वरी, म्हणजे ओवीखाली अर्थ दिलेली प्रत
• पोथी ठेवायला पाट किंवा लाकडी स्टँड
• दोनशे पानी वही आणि पेन्सिल
• चाळिशी लागली असेल तर चष्मा. बारीक टाईप आणि संध्याकाळचा उजेड यांत डोळे दुखतात आणि दोष पोथीला जातो
• रोजची ठरलेली अर्धा तासाची वेळ
• शक्य असेल तर एक जाणतं माणूस, ज्याला आठवड्यातून एकदा अडलेलं विचारता येईल

सोबतीला एक पातळ पुस्तक ठेवाच: विनोबांची ‘गीता प्रवचने’. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी एका अध्यायावर, अशी अठरा प्रवचनं त्यांनी तिथल्या कैद्यांपुढे दिली, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, जे आधी अमळनेरला शिक्षक होते. म्हणजे हे पुस्तक धुळ्यात बोललं गेलं आणि अमळनेरच्या मास्तरांच्या हाताने लिहिलं गेलं. भाषा आजची आहे. ज्ञानेश्वरीचा अध्याय सुरू करण्याआधी त्याच अध्यायाचं प्रवचन वाचून घ्या, वाट आधी पाहिल्यासारखी होते.

३. प्रत घेताना दुकानात काय तपासायचं

मूळ प्रत फक्त ओव्यांची असते. ती सप्ताहात लागते, घरी शिकायला नाही. घरासाठी सार्थ प्रत घ्या. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी वारकऱ्यांत मान्य आहे आणि साखरे महाराजांच्या परंपरेतली प्रतही खूप घरांत दिसते. कोणतीही घ्या, पण दुकानातच नववा अध्याय उघडा आणि गीतेचे 20 आणि 21 हे श्लोक शोधा. त्यांच्या खालच्या दहा ओव्या अर्थासकट वाचून पाहा. अर्थ वाचल्यावर ओवी परत वाचावीशी वाटली तर प्रत चांगली. अर्थच ओवीपेक्षा अवघड वाटला तर दुसरी मागा.

ओव्यांना क्रमांक आहेत ना, हेही बघा. प्रतीप्रतीत एखाद-दुसऱ्या ओवीचा फरक पडतो. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला, तरी हस्तलिखितं अनेक असल्याने तो फरक राहिला. त्याने गोंधळू नका. एकूण ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर आहेत.

इथला मोठा सापळा सांगते. यात्रेत पातळ पुस्तिका मिळतात: अमुक वाचा, स्वर्ग मिळेल, तमुक छापून वाटा, धन मिळेल, नाही वाटलं तर घरावर संकट येईल. मायच्या वर्षश्राद्धाआधी मी अशा तीन पुस्तिका आणल्या आणि एकीच्या प्रती वाटायला पैसेही दिले. भीतीपोटी दिले. जे पुस्तक भीती घालून स्वतःच्या प्रती वाढवायला सांगतं ते बाजूला ठेवा. ज्ञानेश्वरीत वाचणाऱ्याला धमकावणारी फलश्रुती नाही.

४. कोणत्या क्रमाने वाचायचं

माझा क्रम असा: बारावा, नववा (थोडा), सतरावा, सोळावा (थोडा), आणि शेवटी पसायदान.

बारावा अध्याय पहिला, कारण तो लहान आहे, 247 ओव्या. भक्त कसा असतो ते त्यात आहे. रोज दहा ओव्यांनी पंचवीस दिवस लागतात आणि तेवढ्यात जुन्या मराठीची कानाला सवय होते.

मग नवव्यातला स्वर्गाचा भाग, वर सांगितलेल्या दोन श्लोकांखालच्या तीसेक ओव्या. चार दिवस द्या. मी ज्यासाठी पोथीची गाठ सोडली होती ते इथे सापडलं. आधी स्वर्गाचं वर्णन येतं: अमरत्वाचं सिंहासन, ऐरावताचं वाहन, अमृताची कोठारं, कामधेनूंची खिल्लारं, कल्पतरूंच्या बागा. खिल्लारं हा शब्द वाचला आणि मला आमच्या शिवारातून सांजेला परतणारी गुरं दिसली. एवढं वैभव रंगवून झालं की ज्ञानदेव सांगतात, पुण्याचा साठा संपला की तिथून उतरावं लागतं. गीतेचे शब्द आहेत, ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’. स्वर्गाच्या आशेने केलेल्या पुण्याला ते पुण्यात्मक पाप म्हणतात, कारण तेही माणसाला देवापासून लांबच नेतं. कल्पतरूखाली बसलेला माणूस झोळीला गाठ मारून भीक मागायला निघतो, असा दृष्टांत तिथे आहे. ती ओवी वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. माय स्वर्गात आहे का, हा माझा प्रश्न त्या दिवशी बदलला. ती आयुष्यभर काय मागत होती, हे मी आठवू लागले. माझ्या आठवणीत तिने देवाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही.

पुढे सतरावा, श्रद्धेचा. 433 ओव्या, रोज दहांनी चव्वेचाळीस दिवस. श्रद्धा प्रत्येकात असतेच, पण ज्या स्वभावात ती उतरते त्याचा रंग घेते, हे त्याचं सार. पाणी तेच, पण मिऱ्यात तिखट होतं आणि उसात गोड. अन्न, यज्ञ, तप, दान या सगळ्यांचे सात्त्विक, राजस, तामस प्रकार पुढे येतात. अन्नाचा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, मुलंसुद्धा ऐकतात.

मग सोळाव्यातली दैवी संपत्ती. सुरुवातीला गुरूची मोठी स्तुती आहे, तीत सूर्याचं रूपक आहे. सुंदर आहे, पण नवख्याला जड जाते, पहिल्या खेपेला ती सोडली तरी चालेल. साधारण सत्तराव्या ओवीच्या आसपास अभय हा पहिला गुण सुरू होतो. तिथून सव्वीस गुण येतात. रोज एकच गुण घ्या, सव्वीस दिवस. गीतेने यांना संपत्ती म्हटलं आहे. देवाचं देणं म्हणून आपण पैसा, जमीन, मुलं मोजतो. इथल्या यादीत निर्भयता आहे, सरळपणा आहे, लाज आहे, क्षमा आहे, दुसऱ्याचं वैगुण्य पाठीमागे न बोलणं आहे. अभयाचा दृष्टांत बघा: जो महापुरात उडीच घालत नाही त्याला बुडण्याची धास्ती नसते. तापीचा पूर पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे चिखलात रुतलेली गाय येते. तिला काढणारा ती दुभती की भाकड हे बघत नाही, आणि बुडणाऱ्याला काढणारा त्याची जात विचारत नाही. गावात रोज काय चालतं ते मनात ठेवून या दोन ओव्या वाचा.

हिशेब केला तर नव्व्याण्णव दिवस होतात. शंभराव्या दिवशी अठराव्या अध्यायाच्या शेवटी जा आणि पसायदानाच्या नऊ ओव्या अर्थासकट वाचा. आपण ते शाळेपासून म्हणत आलो, पण पसाय म्हणजे प्रसाद आणि हे प्रसादाचं दान आहे, हे मला शंभराव्या दिवशी कळलं. नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर ज्ञानदेव जे मागतात त्यात स्वतःसाठी स्वर्ग नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावा आणि सगळ्यांची एकमेकांशी मैत्री व्हावी, इथून मागणं सुरू होतं.

५. एक ओवी फोडून पाहू

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, म्हणून सावकाश वाचा. सोळाव्यात दान या गुणावर ही ओवी आहे:

पत्र पुष्प छाया । फळें मूळ धनंजया । वाटेचा न चुके आलिया । वृक्षु जैसा ॥

पहिल्यांदा मोठ्याने म्हणा. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक आहे: छाया, धनंजया, आलिया. चौथा चरण आखूड. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कानाला हे वळण ओळखीचं वाटेल. आवाज यमकावर टेकवला की तुकडे आपोआप पडतात.

दुसऱ्यांदा हाक बाजूला काढा. धनंजया ही अर्जुनाला मारलेली हाक. किरीटी, पार्था, पांडवा, सुभटा, धनुर्धरा, हे सगळं अर्जुनच. अर्थ लावताना हाक उचलून ठेवली की निम्मा गुंता सुटतो. मी चार दिवस किरीटी हा कोणी वेगळा माणूस समजत होते.

तिसऱ्यांदा कोण आणि काय करतो ते शोधा. वृक्षु म्हणजे झाड. वाटेचा वृक्षु, वाटेवरचं झाड. आलिया म्हणजे आलेल्याला. न चुके, चुकत नाही.

आता जोडा: वाटेवरचं झाड जसं आलेल्या वाटसरूला पान, फूल, सावली, फळ, मूळ द्यायला चुकत नाही. ‘जैसा’ आहे म्हणजे पुढच्या ओवीत ‘तैसा’ येणार, अर्थ तिथे पुरा होईल. एकच ओवी वाचून थांबू नका, जैसा-तैसाची जोडी होईपर्यंत पुढे जा.

आमच्या गावाच्या फाट्यावर एक निंब आहे. एस.टी.ची वाट बघणारे सगळे त्याच्याखाली थांबतात, माय बाजाराच्या दिवशी तिथेच बसायची. ही ओवी मी त्या निंबासाठी पाठ केली.

६. हे थोडे शब्द आधी वहीत लिहून ठेवा

तंव म्हणजे तेव्हा, तोवर. परी म्हणजे पण. केवीं म्हणजे कसं. जेवीं-तेवीं म्हणजे जसं-तसं. आथी म्हणजे आहे. नोहे म्हणजे नव्हे. म्हणौनि म्हणजे म्हणून. पैं हा जोर देणारा शब्द, अर्थ लावताना सोडला तरी चालतो. कीजे, जाइजे, येईजे अशी रूपं दिसली की करावं, जावं, यावं किंवा केलं जातं, जाणं होतं, अशा अर्थाने घ्या. नामांच्या शेवटी उकार असतो, देवु, वृक्षु, एकु. तो काढला की आजचा शब्द हाती येतो.

बारावा अध्याय संपेपर्यंत ही यादी बघायची गरज सरते.

७. सप्ताहात कधी बसायचं

गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन किंवा प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटी काल्याचं कीर्तन. सात दिवसांत पूर्ण ग्रंथ वाचायचा तर रोज जवळजवळ तेराशे ओव्या होतात. व्यासपीठावरच्या वाचकाच्या चालीवर सगळे एका सुरात जातात.

मी पहिल्याच वर्षी बसले. तिसऱ्या दिवशी ओळ हुकली, मग पान हुकलं, आणि शेजारणीने बोट ठेवून दाखवेपर्यंत सगळे पुढच्या अध्यायात पोचले होते. रडू आलं आणि मी उठले. वाडीतले नाना, ऐंशीच्या पुढचे वारकरी, त्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "माय, कितलं वाचं ते नको सांगू, काय समजनं ते सांग." मी बाराव्यातली एक ओवी सांगितली. ते म्हणाले, झालं तुझं पारायण.

तर शंभर दिवसांचं घरचं वाचन आधी करा, सप्ताहात नंतर बसा. पहिल्या वर्षी नुसतं ऐकायला बसलात तरी चालतं. बसणारच असाल तर आयोजकांकडे नाव आधी द्या, कारण चहा-जेवणाचा अंदाज त्यावर धरतात. स्वतःची मूळ प्रत, आसन, पाण्याची बाटली आणि ओळीवर ठेवायला जाड कागदाची पट्टी न्या. ही पट्टी फार उपयोगाची आहे.

८. आणखी काही ठिकाणी पाय घसरतो

"ज्ञानेश्वरीत असं लिहिलंय" असं कोणी म्हटलं की नम्रपणे विचारा, "कोणता अध्याय, कितवी ओवी?" आणि घरी येऊन पडताळा. मला ऐकवलेल्या अशा पाच गोष्टींतल्या दोनच पोथीत सापडल्या.

चमत्काराच्या कथांत अडकू नका. रेडा, भिंत, कोरं पत्र या गोष्टी गोड आहेत, मुलांना जरूर सांगा. पण कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी चांगदेवांना ज्या 65 ओव्या धाडल्या, त्या ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून आजही वाचायला मिळतात. कथा सगळ्यांना ठाऊक असते, त्या ओव्या वाचलेले थोडे.

वाचून मन लगेच शांत होईल, असं धरून चालू नका. मला सोळावा अध्याय वाचताना आधी बोचलं. सव्वीस गुणांतले आपल्यात किती, हे रोज एकेक करून समोर येतं. बोचलं तरी दुसऱ्या दिवशी बसा.

घरात कोणी गेलं असेल आणि महिनोन्महिने झोप-जेवण उडालं असेल, तर पोथीसोबत डॉक्टरकडेही जा. माझ्या भावाला त्याची गरज होती आणि आम्ही उशीर केला.

९. शंभर दिवसांनंतर

आता पहिल्या अध्यायापासून सुरू करा, आता जमतं. तेरावा 1170 ओव्यांचा आणि अठरावा अठराशेच्या आसपास, तिथे घाई नको. सोबत तुकोबांची गाथा घ्या, रोज एक अभंग. देवाकडे काय मागावं हा प्रश्न असेल तर ‘हेंचि दान देगा देवा’ आधी काढा. त्यात तुकोबा मुक्तीही नको म्हणतात आणि पुन्हा गर्भवासाला तयार होतात.

वर्षातून एकदा अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला जाऊन या. बोरीच्या पात्रात गर्दी असते, कीर्तनं चालतात. तिथे पुस्तकांच्या गाड्याही लागतात, तेव्हा तिसऱ्या टप्प्यात सांगितलेली नववा अध्याय उघडून बघायची सवय विसरू नका.

आमच्याकडे आता दर एकादशीला सांजवातीनंतर चार बायका जमतो. दोघींना वाचता येत नाही, त्या ऐकतात आणि अर्थ सांगतात, वाचणाऱ्या दोघींपेक्षा नेमका सांगतात. दहा ओव्या झाल्या की पोथी लाल फडक्यात बांधते. फडकं तेच ठेवलंय, धुतलं नाही.